बाळंतिणीचं पाणी

लिहिताना डोकं तापलं की मी धुणं काढते. कुणी फिरायला जातं, कुणी पत्ते कुटतं. मला धोपाटणं लागतं. चार कपडे बडवले की डोकं कसं हलकं होतं. पण त्याला पाणी लागतं, ही अक्कल मला त्या दुष्काळात आली.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मालक नव्या कलेक्टर कचेरीत कारकून, म्हणून आम्ही उदगीरहून बिऱ्हाड हलवलं. जिल्हा झाला खरा, नळ मात्र कोरडे! तीन दिवसांनी टँकर यायचा, ते पाणी अंगणातल्या टिपाडात भरायचं. त्यात नणंद बाळंतपणाला आलेली, लेकरू आठ दिवसांचं. टिपाडावर सासूबाईंचा पहारा असायचा.

त्या दिवशी त्या दळणाला गेल्या होत्या. मी सकाळपासून एका गोष्टीच्या शेवटाशी झगडत होते. पाच पानं फाडली. मेला शेवट काही केल्या येईना! तणतणत उठले, बाळंतिणीच्या गोधड्या ओढल्या आणि लागले बडवायला. रागात तांब्यामागून तांब्या कधी ओतला, कळलंच नाही. शेवटी तांब्या टिपाडाच्या तळाला खणकन वाजला. टँकर आता परवा येणार. आत लेकरू रडत होतं, नणंद विचारत होती, "वैनी, पाणी तापलं का?"

सासूबाई आल्या. टिपाडात डोकावल्या, दोरीवरच्या गोधड्यांकडं पाहिलं. आता माझा उद्धार होणार, असं वाटलं. पण त्या घागर उचलून एवढंच म्हणाल्या, "चल."

पहिल्याच दारात बाईनं विचारलं, "कालच टँकर आला की वो! एवढं पाणी केलंत काय?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "माझ्या हातून टिपाड कलंडलं, माय. घरात बाळंतीण हाय."

प्रत्येक दारात तेच. कुणी तांब्याभर दिलं, कुणी पेलाभर. दोन घरच्या बायांनी तर दारच लावून घेतलं. जन्मात कुणापुढं हात न पसरलेली बाई ती. लाजेनं माझी मान वर होईना.

अर्धी घागर घेऊन परत निघालो, तेव्हा त्यांनी विचारलं, "ती गोष्ट झाली का पुरी?"

"न्हाई," मी म्हटलं.

त्या भर रस्त्यात थांबल्या आणि तेव्हा कुठं माझ्यावर ओरडल्या, "मग एवढं पाणी कशापायी घालवलंस गं?"