टाकीवरचं ऊन

अकोल्याच्या उन्हाळ्यात प्यायचं पाणी गार राहत नाही, आणि मी हॉलमधल्या काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी गार ठेवत बसलो होतो. मीठ मोजून घाला, पाणी बदला, लाइट गेली की इन्व्हर्टरकडे पळा. तीन वर्षं हेच. टाकीत जिवंत प्रवाळाचे सात तुकडे होते. त्यांच्यापायी मी कुणाच्या लग्नाला मुक्कामी गेलो नव्हतो. पार दमलो होतो, पण सोडवत नव्हतं.

यंदा मार्चात नवा दिवा लावला, मोबाइलवरून कमी-जास्त होणारा. महिनाभरात सगळ्यात मोठं, तपकिरी प्रवाळ फिकट पडायला लागलं. मला वाटलं, उजेड कमी पडतोय. वाढवला. ते आणखी पांढरं झालं, मी आणखी वाढवला. आपल्याला फार कळतं असं वाटलं की असं होतं.

त्याच दिवसांत बाबा बाळापूरहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले. सगळा जन्म भाजीपाल्यात गेलेला माणूस. कूलर हॉलमध्येच, म्हणून त्यांची खाट टाकीसमोर टाकली. ऑपरेशन नीट झालं. पण दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी एकच लावून धरलं, मला घरी सोडून दे. डॉक्टरांनी पंधरा दिवस थांबायला सांगितलंय, हे मी रोज सांगायचो आणि रोज माझा आवाज थोडा चढायचा. शेताशिवाय करमत नाही म्हाताऱ्याला, असं बायकोजवळ म्हणायचो. ते आपले काळा चष्मा लावून, टाकीकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसायचे. मला त्यांचाही कंटाळा यायला लागला होता. लिहायला लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

एका रविवारी दुपारी प्रवाळाची एक बाजू हाडासारखी पांढरी दिसली. आता हे जातंय, या धास्तीनं मी मोबाइल काढला आणि दिवा पार शंभरवर न्यायला निघालो. मागून बाबा म्हणाले, “ऊन लागलं त्याले. मिरचीच्या रोपाले लागते तसंच.”

मी काही बोलायच्या आत ते उठले. उन्हासाठी गॅलरीला बांधलेली हिरवी नेट होती, तिचा उरलेला तुकडा शोधून आणला, दुहेरी केला आणि दिव्याखाली टाकीवर ताणून बांधला. आठ दिवस असंच राहू दे, मंग एक पदर काढजो, म्हणाले. हे काम मला मोबाइलवर एका बोटानं जमलं असतं. मी मोबाइल खिशात टाकला.

हॉल निवला. बाबा खाटेवर येऊन बसले, टाकीकडे तोंड करून, आणि त्यांनी चष्मा काढला. ऑपरेशननंतर दिवसाउजेडी पहिल्यांदाच. मला काहीतरी खटकलं. या दिव्याचा त्रास होत होता का, असं मी विचारलं.

“सुया टोचत होत्या डोयात,” ते म्हणाले. “पण तुह्या जिवाले तेवढाच इरंगुया हाये. म्हटलं, काहून बोलाव.”

माझा विरंगुळा! मला तिथे उभं राहवेना.

पांढरं पडलेलं निम्मं प्रवाळ गेलं. उरलेल्याच्या कडेला पुढे पुसट तपकिरी रंग परत आला. घरी सोडून दे, हे मात्र बाबा त्या रविवारपासून एकदाही म्हणाले नाहीत.