न उडालेले काडतूस

त्या रविवारची आठवण आजही पुसली गेलेली नाही. मी तेव्हा नागपूरच्या दक्षिण टोकाच्या एका पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. आमच्या हद्दीत, बेसा गावाच्या पुढे, एक खासगी नेमबाजी केंद्र होते. अकराच्या सुमारास तिथल्या प्रशिक्षकांचा फोन आला. ते सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते आणि उगाच फोन करणारे नव्हते.

"साहेब, एक काडतूस कमी येऊन राहिलं. एका बाईले थांबवून ठेवलं आहे. तुम्ही लवकर या."

स्टेशन डायरीत नोंद केली, एका महिला हवालदारांना सोबत घेतले आणि निघालो.

केंद्राचा नियम साधा होता. नवशिक्याला दहा काडतुसे द्यायची आणि सराव संपला की गोळी उडाल्यावर उरणाऱ्या दहा रिकाम्या पुंगळ्या मोजून घ्यायच्या. त्या दिवशी नऊच भरल्या होत्या. थांबवलेली बाई चाळिशीची, साध्या सुती साडीतली. माहेर उमरेडचे, विणकराच्या घरातले. सासर बेसात. महिला हवालदारांनी झडती घेतली, पिशवी रिकामी करून पाहिली. काही मिळाले नाही.

सुभेदारांनी मला बाजूला घेतले. "मोठं पिस्तूल देत होतो, तर नको म्हणाली. छोटंच पाहिजे. नेम कुठं लागला ते तिनं एकदाही पाहिलं नाही. आणि हात बिलकुल थरथरत नव्हता."

मी ठाण्यात फोन लावून शस्त्र परवान्यांचे रजिस्टर पाहायला सांगितले. पाच मिनिटांत उत्तर आले. तिच्या नवऱ्याच्या नावावर तसेच छोटे पिस्तूल होते. तो कोळसा वाहतुकीचा ठेकेदार होता आणि स्वसंरक्षणासाठी त्याने परवाना घेतला होता.

माझ्या डोक्यात गुन्हा तयार झाला. घरात शस्त्र आहे, नवरा काडतुसे कुलपात ठेवत असणार, म्हणून हिने एक पळवले. चालवायचे कसे तेही शिकून घेतले. आता फक्त कोणाला मारायचे, ते नाव वदवून घ्यायचे बाकी होते.

केंद्राच्या कार्यालयातच चौकशी सुरू केली.

"काडतूस कुठे आहे?"

"मले नाही माहीत."

"कोणाला मारायचं आहे?"

"कोणालेच नाही, साहेब."

"मग शिकायला काहून आल्या?"

तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. मी आवाज चढवला, तोच प्रश्न चार प्रकारे विचारला. दर दोन मिनिटांनी तिची नजर वर जायची. बाहेर हिचा कोणी साथीदार वाट पाहत असावा, असे मी धरून चाललो. शेवटी तिची खुर्ची फिरवली आणि घड्याळ तिच्या पाठीमागे केले. तेव्हा तिचा चेहरा असा उतरला, की आता ही बोलणार असे मला वाटले. ती बोलली, पण एवढेच: "मले दोनच्या आत घरी जाऊ द्या."

दीड वाजत आला होता. सुभेदार आत आले. तळहातावर काडतूस होते. फायरिंगच्या जागेवरच्या रबरी चटईच्या कडेखाली सापडले होते.

मी ते उलटे करून पाहिले. पिस्तुलाची पिन आपटली की काडतुसाच्या बुडाला खळगा पडतो. इथे बूड साफ होते. म्हणजे हे उडवलेच नव्हते. पिस्तुलात भरलेले काडतूस कोणीतरी हाताने बाहेर काढले होते.

"तुम्ही हिला पिस्तूल रिकामं करायला शिकवलं होतं?"

सुभेदार चपापले. "हो, साहेब. तेच तर पुन्हा पुन्हा विचारून राहिली होती. मी दुसऱ्या माणसाकडे वळलो तेव्हा एकटीनं करून पाहिलं असन. गोळी खाली पडली ते तिलेही दिसलं नसन."

मारायला निघालेला माणूस गोळी बाहेर काढायला कशाला शिकेल? मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि पहिल्यांदाच हळू आवाजात विचारले, "बाई, घरी काय चाललं आहे?"

"तो जेवताना पिस्तूल ताटाजवळ ठेवते," ती म्हणाली. "जरासं मनाविरुद्ध झालं का आमच्याकडे रोखते. माह्याकडे, नाही तर मांयकडे."

"मांय म्हणजे?"

"सासू. त्याची सख्खी माय. त्यांनीच मले पाठवलं. म्हणाल्या, पिस्तूल रिकामं कसं करतात ते शिकून ये, तो झोपला का करून ठेवू. तो दोन वाजता जेवाले येते, साहेब. मी दिसली नाही तर मांयचं काय करन?"

घड्याळात दोनला वीस मिनिटे कमी होती.

तिला गाडीत घेऊन आम्ही बेसाकडे निघालो. घरासमोर पोहोचलो तर त्याची जीप आधीच लागलेली होती. "तुम्ही गाडीतून उतरायचं नाही," असे तिला बजावून मी आणि हवालदार आत गेलो.

तो टेबलाशी बसला होता. उजव्या हाताशी पिस्तूल. पलीकडे सत्तरीची म्हातारी, हातात वाढायचे ताट धरून, भिंतीला टेकलेली.

"परवान्याची तपासणी आहे," मी म्हणालो. "शस्त्र तिथेच राहू द्या. उठून इकडे या."

त्याने हात पिस्तुलावर ठेवला. "भरलेलं आहे. पुढे येऊ नका."

मला माझ्या शस्त्राला हात लावता येईना. म्हातारी नेमकी त्याच्या मागे होती. आमटीची वाफ वर जात होती.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, दारात, ती येऊन उभी राहिली.

"कुठं गेली होती तू?" तो ओरडला आणि तिच्या अंगावर धावला. रागाच्या भरात पिस्तूल टेबलावरच राहिले. हवालदारांनी त्याचा हात धरला, मी मान. तिघेही फरशीवर कोसळलो.

ती आम्हाला वळसा घालून टेबलापाशी गेली. नळी रिकाम्या भिंतीकडे केली. मॅगझिन काढले. वरचा भाग मागे खेचला. आतली गोळी टणकन फरशीवर पडली. मग तिने पिस्तूल खाली ठेवले आणि सासूच्या हातातले ताट घेतले.

तो नुसता धाक दाखवत नव्हता. गोळी खरोखरच नळीत होती.

गुन्हा दाखल झाला, शस्त्र जप्त केले, पुढे परवानाही रद्द झाला. जबाब घेताना मी म्हातारीला म्हणालो, "आई, मुलाच्या विरोधात जबाब आहे. विचार करून सांगा."

"विचार करूनच तं सुनेले धाडलं होतं," ती म्हणाली आणि अंगठ्यासाठी शाईचे पॅड स्वतःच पुढे ओढले.

सासू-सुना उमरेडला राहायला गेल्या. दोघी एकत्रच राहतात, असे नंतर कळले.

त्या प्रकरणाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मला ते घेववले नाही. दीड तास मी एका बाईला 'कोणाला मारायचं आहे' असे विचारत होतो, आणि त्या दीड तासात एक म्हातारी घरी एकटी स्वयंपाक करत होती. शस्त्राजवळ सापडलेल्या माणसावर संशय घेणे हे आमचे कामच आहे. पण तो माणूस कोणाला भितो, हे विचारायला मला कोणी शिकवले नव्हते. नोकरीची उरलेली वर्षे मी चौकशीत आधी तेच विचारत आलो. बरेचदा उत्तर मिळाले नाही. काही वेळा मिळाले, आणि आम्ही वेळेत पोहोचलो.