सरळ रेषेपुरती नजर

ऑर्व्हल टॅकेटला मुलगा हवा होता. झाली लोरीन. तिच्यानंतर त्याच्या बायकोला, आयव्हाला, पुन्हा दिवस राहिले नाहीत. लोरीन दहा वर्षांची झाली तेव्हा ऑर्व्हलने वाट बघणं सोडलं आणि तिच्या हातात पाना दिला.

फाँटानाच्या एका अंगाला तेव्हा द्राक्षांचे मळे होते आणि दुसऱ्या अंगाला पोलादाचा कारखाना. ऑर्व्हल कारखान्यात भट्टीवर होता. ओक्लाहोमाच्या धुळीच्या वादळांतून उठून आलेली ही माणसं. डोक्यावर छप्पर नव्हतं तेव्हाही त्यांच्याकडे गाडी होती. महायुद्ध संपलं आणि घराघरामागच्या शेडमधून ठोकाठोकी ऐकू यायला लागली. भंगारातून बत्तीस सालची फोर्ड उचलून आणायची, छप्पर, मडगार्ड, बंपर, जे जे वजन करतं ते उपटून फेकायचं आणि उरलेल्या सांगाड्यात मूळच्या दुप्पट ताकदीचं इंजिन बसवायचं. याला म्हणायचं हॉट रॉड. पोलिसांच्या लेखी तो गुन्हा होता, पाद्र्याच्या लेखी पाप. आयव्हा आपली ‘माझी सवत’ म्हणायची आणि शेडच्या दारात कॉफी आणून ठेवायची.

लोरीनचा हात बापापेक्षा हलका निघाला. इंजिन चालू असताना ती कान लावून उभी राहायची आणि कुठला व्हॉल्व्ह नीट बसत नाही ते सांगायची. रविवारी उजाडायच्या आत बापलेक निघत, कहोनचा घाट चढून पलीकडे उतरत आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर पोचत. तळं कसलं, मैलोगणती पसरलेली भेगाळलेली पांढरी माती. तिथे एकेक गाडी सुटायची, धुळीचा लोट मागे सोडत सरळ रेषेत जायची, शेवटाला वेग मोजला जायचा. बायकांना गाडी पळवायची मुभा नव्हती. लोरीन इंजिन लावून द्यायची आणि बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभी राहायची.

“पोरगा असतीस ना,” ऑर्व्हलचा मित्र क्लेम हॅगर्टी तिला चिडवायचा, “तर आम्हा सगळ्यांना घरी बसवलं असतंस.”

“नियम बदला, मग बघा,” ती म्हणायची.

“नियम बदलला तर माझी बायको पण येईल. मग मी कुठं जाऊ?”

ऑर्व्हल मोठ्यांदा हसायचा. चांगला हसरा माणूस होता. फक्त संध्याकाळ झाली की अडखळायचा. अंगणातल्या बादलीला पाय लागायचा, टेबलावरचा पेला कोपराने पडायचा, रस्त्यात समोरून आलेल्या शेजाऱ्याने हात पुढे केला तरी तो तसाच निघून जायचा. गावात लोक म्हणायचे, पितो. बॅप्टिस्ट चर्चमधल्या बायका आयव्हाकडे कीव आल्यासारखं बघायच्या. ऑर्व्हलने कधी नाही म्हटलं नाही. लोकांना वाटतंय तर वाटू दे, असा त्याचा खाक्या होता. लोरीनलाही मनातून तेच वाटायचं, आणि या गोष्टीची लाज तिला पुढे जन्मभर पुरली.

छप्पन साली तळ्यावर ते घडलं. ऑर्व्हलने धाव पूर्ण केली होती, उत्तम वेग मिळाला होता. परतीच्या वाटेवर तो सावकाश येत होता. क्लेम हातात निशाण घेऊन वाटेच्या कडेला उभा होता, लख्ख उन्हात, लाल शर्टात. ऑर्व्हलने गाडी सरळ त्याच्या पायांवर घातली. क्लेमचा उजवा पाय गुडघ्यातून गेला तो गेलाच. माणसं धावली, कोणीतरी ऑर्व्हलच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता.

त्याला सॅन बर्नार्डिनोला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं ते लोरीननेच. तिचं त्याच वर्षी वेंडेल नावाच्या ट्रक ड्रायव्हरशी लग्न झालं होतं आणि तिला चौथा महिना होता. डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यांत दिवा मारून बघितलं.

“टॅकेट, तुम्हाला बाजूचं काहीच दिसत नाही. नळीतून बघावं तेवढं समोरचं दिसतंय, आणि ती नळी बारीक होत चाललीय. हे कधीपासून?”

“महायुद्धाच्या आधीपासून.”

लोरीनने बापाकडे वळून बघितलं.

“आणि तुम्ही गाड्या पळवत होता?”

“तळ्यावर बाजूला बघायचं कामच काय?” ऑर्व्हल म्हणाला. “समोरच्या डोंगरात एक खाच आहे. तिच्यावर नजर रोवायची आणि सुटायचं. तेवढं दिसत होतं मला.”

डॉक्टरांचं लक्ष लोरीनच्या पोटाकडे गेलं. मग ते कागद खाली ठेवून हळू आवाजात बोलले. हा दोष बापाकडून मुलीत उतरतो. मुलीचे डोळे बहुधा शाबूत राहतात. तिला मुलगी झाली तरी निभावतं. मुलगा झाला तर मात्र नाणं उडवल्यासारखं आहे.

परतताना गाडी लोरीन चालवत होती. संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या तेव्हा ऑर्व्हल म्हणाला, “मुलगीच होईल बघ.”

“जन्मभर तुम्हाला मुलगा हवा होता, बाबा,” ती म्हणाली.

मुलगा झाला. त्याचं नाव डॅरिल ठेवलं. वेंडेलला तिने डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्याने वर्षभर काही दाखवलं नाही, मग ओरेगॉनच्या फेऱ्या घ्यायला लागला, आणि एका फेरीवरून परतलाच नाही. लोरीन संत्र्यांच्या पॅकिंगच्या कामाला लागली आणि पोराला घेऊन बापाकडे राहायला आली. आयव्हा त्याआधीच वारली होती. शेडला लोरीनने कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. डॅरिलला तिने ट्रम्पेट आणून दिला. तो फुंकायचा, बेसूर. मासिकातली गाड्यांची चित्रं मात्र कापून गादीखाली ठेवायचा.

तो दहा वर्षांचा असताना एक दिवस ती कामावरून लवकर घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर कार्ब्युरेटर खोललेला. ऑर्व्हलला तोवर उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. समोर डॅरिल, डोळे घट्ट मिटून स्क्रू चाचपत बसलेला.

“डोळे उघडायचे नाहीत,” म्हातारा सांगत होता. “बोटांना विचार.”

लोरीनने पोराला बाहेर पिटाळलं आणि दार लावलं. “मी शेड बंद केलीय ती काय गंमत म्हणून? कशाला नादी लावता त्याला?”

“मी त्याला इंजिन शिकवत नाहीये, लोरीन.”

“मग काय चाललंय हे?”

“आंधळं व्हायला शिकवतोय. मला कोणी शिकवलं नाही.”

ती खुर्चीत बसली. डॅरिल अजून चांगला धावत होता, चेंडू झेलत होता. तिने नाण्याची दुसरी बाजू धरून ठेवली होती. “तुम्हाला काय माहीत त्याला आहे म्हणून?”

“तिन्हीसांजेला तो पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावतो. आवाज येतो मला.”

सोळाव्या वर्षी डॅरिलने गाडीच्या परवान्याचा विषय काढला तेव्हा तिने त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. डॉक्टर, आजोबा, क्लेमचा पाय, सगळं. तो रडेल, ओरडेल, तिला दोष देईल, याची तिने तयारी ठेवली होती. त्याने एवढंच विचारलं, “किती वर्षं आहेत माझ्याकडे?”

“कोणी सांगू शकत नाही. थोडी आहेत.”

“मग शेडची किल्ली दे, आई.”

तिने दिली. नाही म्हणायला तिच्याकडे कारण होतं, तोंड नव्हतं.

त्यानंतरची वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली होती, आणि ती चांगली होती हेच तिला सहन व्हायचं नाही. तिघांनी मिळून शेडमधली ऑर्व्हलची जुनी काळी फोर्ड पुन्हा उभी केली. म्हातारा हाताने चाचपून सांगायचा, डॅरिल जोडायचा, लोरीन कान लावायची. एकोणिसाव्या वर्षी डॅरिल तळ्यावर उतरला. लोरीनने एक अट घातली होती: धाव संपली की जागच्या जागी थांबायचं, चाक फिरवायचं नाही. ती मागून ट्रक घेऊन जायची आणि त्याला दोराने ओढत आणायची. लोक हसायचे.

“आईचा पदर सोडत नाही पोरगं,” कोणीतरी म्हणालं.

“तुझी आई येते का तुला न्यायला?” डॅरिलने उलट विचारलं. “बिचारी लाजत असेल.”

क्लेमही यायचा, लाकडी पायावर. त्याला सगळं माहीत होतं. तो दोरीपासून लांब उभा राहायचा आणि कोणाला काही सांगायचा नाही.

डॅरिल पंचविशीत आला त्या वर्षी कारखान्याची भट्टी कायमची विझली. त्याच उन्हाळ्यात त्याची गाडी शेवटाची खूण ओलांडून थांबलीच नाही. झुडपांत घुसली, उडाली, परत चाकांवर पडली. लोरीन पोचली तेव्हा तो शिरस्त्राण मांडीवर घेऊन बसला होता. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

“डोंगर दिसला नाही, आई,” तो म्हणाला. “मधेच गेला.”

गाडी हिवाळाभर शेडमध्ये पडून राहिली. डॅरिलची एक मैत्रीण होती. तिला त्याने स्वतःच तोडून टाकलं. लग्न झालं असतं, मुली झाल्या असत्या, आणि त्या मुलींना मुलगे. त्याने आईला कारण सांगितलं नाही, पण लोरीनला सांगायची गरज नव्हती.

वसंतात विषय काढला तो ऑर्व्हलने. “बायकांचा नियम कधीच उठलाय ना? मग तू का नाही पळवत?”

“मी आता म्हातारी झाले, बाबा.”

“अठ्ठेचाळीसची. अजून बाजारातून दोन पिशव्या उचलून आणतेस.”

डॅरिल खिडकीशी बसला होता. “पळव ना,” तो म्हणाला. “आपल्यापैकी कोणी तरी पळवा.”

तिने गाडी दुरुस्त केली आणि ती तळ्यावर गेली. दोघंही आले, एक म्हातारा आणि एक तरुण, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. लोरीन गाडीत बसली. जन्मभर जे इंजिन तिने बाहेरून ऐकलं होतं ते आता तिच्या पायाशी होतं. ती सुटली. तिची भीती कुठल्या कुठे गेली, वयही गेलं. मैलाच्या शेवटी तिचा वेग बापापेक्षा आणि मुलापेक्षा जास्त भरला. ती परत आली तेव्हा ऑर्व्हल टाळ्या पिटत होता आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, “माझी मुलगी! ती माझी मुलगी!”

“कसं होतं?” डॅरिलने विचारलं.

बरं होतं, एवढं म्हणून ती थांबली असती तरी चाललं असतं. पण तिला श्वास पुरत नव्हता, शब्द आपोआप बाहेर पडत होते. “अरे, काय सांगू! दोन्ही बाजूंनी सगळं तळं धावत येतं अंगावर, डोंगर, झुडपं, माणसं, सगळं एकदम, आणि आपण त्याच्या मधोमध—”

ती बोलायची थांबली.

“दोन्ही बाजूंनी,” डॅरिल म्हणाला. मग तो गाडीच्या पत्र्याला हात लावत लावत ट्रकपर्यंत गेला आणि आत जाऊन बसला.

त्या आठवड्यातच, एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत ती घरी आली तर शेडमधून जळक्या रंगाचा वास येत होता. दार उघडं होतं. डॅरिल गॅस कटर घेऊन गाडी कापत होता. डावा हात पत्र्यावर पुढे सरकवायचा, जागा चाचपायचा, मागून ज्योत आणायचा. तळहातावर फोड आले होते.

“काय करतोयस?”

“कापतोय.” त्याने ज्योत बारीक केली. “माझ्यानंतर कोणी नाही, आई. ठेवायची कोणासाठी?”

माझ्यासाठी, हे तिच्या ओठांवर आलं होतं. त्याच्याही ते ध्यानात आलं असावं.

“तुला हवी आहे का?” त्याने विचारलं. “हवी असेल तर आत्ता सांग. थांबतो.”

एक दार कापून जमिनीवर पडलं होतं. सांगाडा अजून शाबूत होता, इंजिनला धक्का लागलेला नव्हता. पत्रा तिने चार महिन्यांत नवा चढवला असता. तिच्या मुलाचा चेहरा तिच्याकडे वळलेला होता, पण नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी.

“नको,” लोरीन म्हणाली.

तिने त्याच्या हाताला मलम लावलं. त्याने पुन्हा ज्योत मोठी केली. ती कामावर परत गेली.

ऑर्व्हलला तिने सांगितलं नाही. पण रविवारी त्याने हट्ट धरला, मला शेडमध्ये ने. भंगारवाला तोवर सगळं उचलून घेऊन गेला होता. म्हाताऱ्याने सवयीने हात पुढे केला, मग आणखी पुढे, मग दोन पावलं टाकून परत. त्याच्या हाताला काहीच लागलं नाही.

“त्यानं?”

“हो, बाबा.”

“आणि तू बघत राहिलीस?”

“हो.”

ऑर्व्हल रिकाम्या फरशीवर उभा राहिला. “तुला अजून पळवायची होती ना?” त्याने विचारलं. आपण रडतोय हे त्याला ऐकू येऊ नये म्हणून तिने तोंडावर हात दाबून धरला. त्याला ऐकू आलंच. त्याने तिला जवळ घ्यायला हात लांबवला, पण ती दुसऱ्या बाजूला उभी होती.

त्या वर्षीच्या थंडीत म्हातारा झोपेत गेला. डॅरिल आता बसने सॅन बर्नार्डिनोला जातो. तिथे आंधळ्यांच्या कार्यशाळेत तो झाडू बांधतो. लोरीन अजून पॅकिंगला जाते. संध्याकाळी दोघं बीन्स आणि कॉर्नब्रेड खायला समोरासमोर बसतात. गाड्यांचा विषय निघत नाही. दुसरा विषय त्या घरात कधी नव्हताच, म्हणून जेवण होईपर्यंत रेडिओ चालू ठेवतात.