कोटागिरीतली रंगीत तालीम

आई गेल्यावर बाबांना ऑकलंडला आणायचं असं मी ठरवलं, आणि पुण्याच्या फ्लॅटमधून हलायचं नाही असं बाबांनी. त्यांचं म्हणणं एकच, "तुमच्याकडे रस्त्यावर माणूस दिसत नाही गं." मीही त्यांचीच मुलगी. म्हटलं, आधी सराव करू. शोधून शोधून निलगिरीतलं कोटागिरी निवडलं. चहाचे मळे, दाट झाडी, धुकं, आणि शांतता अशी की त्यापुढे ऑकलंडच्या बॉटनी डाउन्स उपनगरातली आमची गल्ली गजबजलेली वाटावी. इथे आठवडा निभावला की तिथे सहज राहतील, असा माझा आडाखा होता.

आम्ही नवरा-बायको ऑकलंडहून आलो, बाबा पुण्याहून. भाड्याच्या बंगलीत पाऊल टाकताच मी नियम सांगितले. जेवण संध्याकाळी सहाला. शेजारी दिसला तर फक्त हवेबद्दल बोलायचं. कचऱ्याचा डबा ठरलेल्या संध्याकाळी फाटकाबाहेर. बाबांनी इमानेइतबारे डबा नेऊन ठेवला. सकाळी पाहतो तर एक भलाथोरला गवा त्यात तोंड घालून उभा.

"हे शेजारी का?" बाबांनी खिडकीतून विचारलं. "यांच्याशी हवेबद्दलच बोलायचं ना?"

"स्वीट ॲज, बाबा, झकास!" नवरा तिकडच्या थाटात म्हणाला. "तुम्ही एकदम रेडी आहात."

बंगलीला एक वॉचमन होता. त्याला तमिळखेरीज काही येत नव्हतं आणि बाबा मराठी सोडायला तयार नव्हते, तरी पायरीवर दोघांच्या गप्पा रंगायच्या. ऑकलंडच्या घराला वॉचमन नाही, म्हणून मी त्याही बंद केल्या. हट्टाला पेटले की मला पुढचं-मागचं दिसत नाही.

निघायच्या दोन दिवस आधी बाबाच म्हणाले, "तुझी तालीम चुकतेय. इथे तू दिवसभर घरात असतेस. तिथे असतेस का?"

मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नवरा-बायको डबे घेऊन ऑफिसला निघालो. ऑफिस कुठलं? बसस्टँडवर जाऊन बाकावर बसलो. दुपारी तिथेच डबे खाल्ले. नवऱ्याने कंटाळून एका कंडक्टरला 'किया ओरा' असा न्यूझीलंडचा नमस्कार केला, तर त्याने तिकीटच फाडलं. संध्याकाळ होईपर्यंत बसून आम्ही परतलो.

बाबा पायरीवर होते, सकाळी सोडले तिथेच. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, तोंड फाटकाकडे. आत टेबलावर त्यांचं जेवण झाकलेलं, तसंच होतं.

"मस्त गेला दिवस," ते म्हणाले. "जमेल मला. व्हिसाचा अर्ज करून टाक."

हे ऐकायला मी वर्षभर फोनवर घसा कोरडा केला होता. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि मला रडूच फुटलं.

"बाबा," मी म्हटलं, "नका येऊ."