वनमालाबाईंचे चार प्लग

वनमाला तावडे मूळच्या कणकवलीकडच्या, पण उभा जन्म मुलुंडात गेला. तीस वर्षं सूतिकागृहात नर्स होत्या. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "सवड नव्हती" एवढंच उत्तर. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली त्या राबल्या, ते परदेशात मुलाकडे गेले तेव्हा आपली एकसष्ट सालची फियाट बाईंना देऊन गेले. बाई पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या. शिकवणारा म्हणाला, "बाई, ह्या वयात?" तर म्हणाल्या, "वय माझं आहे, ते मी बघते. तू क्लच शिकव."

पंच्याऐंशी साली बाई निवृत्त होत्या, पण घरी बसल्या नव्हत्या. भांडुपच्या टेकडीवर वस्ती होती. रिक्षावाले तिथं वर चढायला मागत नसत. कुणा बाईला कळा सुरू झाल्या की पोरंसोरं फोनवाल्याकडे धावायची आणि वनमालाबाईंची फियाट वर यायची.

त्या ऑगस्टात मात्र घात झाला. शेवंती नावाची पहिलटकरीण मागच्या सीटवर, शेजारी तिची सासू शांताबाई. भर दुपारची वेळ. रेल्वेवरच्या पुलाचा चढ लागला आणि गाडी आचके द्यायला लागली. एक, दोन, तीन, आणि ऐन मध्यावर बंद. पावाचा एक टेम्पो मागून येत होता, त्यानं शेवंतीला पोचवलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण टेम्पोत चढताना शांताबाई वळून म्हणाली, "बाई, तुमच्या भरवशावर होतो आम्ही." ते वाक्य बाईंच्या काळजात रुतलं.

गाडी ढकलत दशरथच्या गॅरेजात नेली. दशरथनं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं कान दिला आणि निकाल सांगितला. "इंजिन गेलंय, ताई. सगळं बांधायला लागेल. नाहीतर भंगारात द्या, सुटका होईल."

"मिसिंग मारतेय ती, मधला ठोका चुकतोय. प्लग काढून बघितलेस?"

"प्लग मागच्याच वर्षी मी टाकलेत. इंपोर्टेड. प्लगचा काय संबंध?"

"न बघता कसं सांगतोस रे? मी कधी पोटाला हात न लावता बाळ आडवं आहे म्हटलं का?"

दशरथ हसला. बाईमाणसाशी इंजिनाबद्दल कोण वाद घालणार, असं ते हसू. बाईंनी गाडी तशीच धक्के खात घरी आणली.

घरी दारातच सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत कारखानीस कागद घेऊन उभे. "गाडी आठ दिवसांत आवारातून हलवा. धूर काढते, आवाज करते. वर तुम्ही ती सुरू केली की आमच्या टीव्हीवर रेघा येतात. रविवारी काही म्हणून दिसत नाही."

"रेघांचं बोललात ते रास्त आहे. त्याचा बंदोबस्त करते," बाई म्हणाल्या. "बाकी हलवण्याचं म्हणाल, तर गाडी माझी आसा. काय करूचा ता मी बघीन." राग आला की बाई मालवणीवर यायच्या. कारखानीस कागद हातातच घेऊन वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पदर खोचला, प्लग पाना घेतला आणि चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. डॉक्टरांनी गाडीबरोबर दिलेली पुस्तिका शेजारी उघडली. एक, दोन आणि चार नंबरचे प्लग काळेकुट्ट, कोरडी काजळी धरलेले. तीन नंबरचा तेलानं ओला. बाईंनी आयुष्यभर जिभा बघून दुखणी ओळखली होती. हे त्याहून अवघड नव्हतं. निरोगी प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असतं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. आणि प्लगवरचा नंबर पुस्तिकेतल्या नंबराशी जुळतच नव्हता. दशरथनं टाकलेले प्लग थंड जातीचे होते, लांब पल्ल्यावर सुसाट पळणाऱ्या गाड्यांसाठीचे. मुलुंड ते भांडुप रखडणाऱ्या गाडीत ते पुरते तापतच नव्हते, मग काजळी जळणार कशी?

मग प्लग परत लावून इंजिन सुरू केलं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन त्यांनी लांबूनच वायरींवर बारीक तुषार सोडले. इंजिन लगेच अडखळलं, आणि दोन वायरींवर निळी ठिणगी चट् चट् करत बाहेरच्या बाहेर उडाली. वायरींचं रबर वाळून तडकलं होतं. दमट हवेत वीज प्लगपर्यंत पोचतच नव्हती.

"इंजिन गेलंय म्हणे!" बाई मोठ्यानं म्हणाल्या. ऐकायला आवारात कुणी नव्हतं, तरी.

घाटकोपरला हमरस्त्यावर सुट्या भागांचं एक मोठं दुकान होतं. गल्ल्यावर अनंत नावाचा मालक. त्यानं बाईंच्या मागं पाहिलं. "साहेब पार्किंग करतायत का?"

"साहेब मीच आहे. प्लग दाखवा."

त्यानं चकचकीत डबी पुढं केली. "हे घ्या. फॉरेनचे. एकदम झकास."

बाईंनी पिशवीतून जुना प्लग काढून नव्याशेजारी उभा केला. नव्याचे आटे नखभर जास्त लांब होते. "हा आत शिरून पिस्टनला ठोकेल. मग इंजिन खरंच जाईल, आणि दशरथ जिंकेल."

"कोण दशरथ?"

"ते असू दे. ह्या नंबरचे साधे, देशी प्लग आहेत का?"

होते, अगदी मागच्या फळीवर, धुळीत. बाईंनी चारही निरखले, एकाची चिनी माती चिरलेली होती तो परत केला, दुसरा घेतला. मग वायरी. अनंतनं लाल रंगाचा तयार संच काढला, आत कार्बनचा धागा असलेला. "ह्यानं टीव्हीला त्रास होत नाही."

"पण ओढताना धागा तुटला तर बाहेरून कळत नाही. मला तांब्याच्या तारेची द्या, मापानं कापून. आणि टीव्हीसाठी टोकाला सप्रेसरवाल्या टोप्या."

अनंतनं बाईंकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तुमचं गॅरेज आहे का, बाई?"

"नाही. मी सुईण आहे."

घरी येऊन बाईंनी पातीच्या गेजनं प्रत्येक प्लगची फट मोजली. प्लग आधी बोटांनी बसवले, आटे नीट धरल्यावरच पाना लावला. वायर एका वेळी एकच बदलली. चारही एकदम काढल्या तर कुठली कुणाची, हा गोंधळ. किल्ली फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं आणि सुरूच राहिलं. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ नुसत्या ऐकत बसल्या.

पण रिकामी गाडी काय, कशीही चढेल. बाई थेट टेकडीवर गेल्या आणि शांताबाईला म्हणाल्या, "बस. आणखी तिघींना घे. अंगानं भरल्या बघून घे."

"बाई, परत बंद पडली तर?"

"तर तुम्ही खाली उतरून ढकला आणि मला शिव्या द्या."

पाचजणींना घेऊन फियाट पुलावर चढली. एक आचका नाही. उतरताना दशरथच्या गॅरेजापुढं बाईंनी गाडी मुद्दाम हळू केली. दशरथ पाना हातात धरून बघत राहिला. शांताबाईनं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.

महिन्याअखेर सोसायटीची सभा झाली. टीव्हीवरच्या रेघा गेल्याचं कारखानिसांनी कबूल केलं, पण जुन्या गाडीनं आवाराची शोभा जाते, हा मुद्दा सोडला नाही. सात विरुद्ध पाच मतांनी ठराव झाला, गाडी हलवावी.

वनमालाबाई उठल्या. "ठराव वहीत नीट लिहा. माझ्या घराच्या कागदावर गाडीची जागा लिहिली आहे, तेही लिहा. गाडी हलणार नाही. ज्यांना हलवायची त्यांनी ढकलत न्यावी, मी किल्ली देणार नाही."

कुणी ढकलली नाही. तीन नंबरच्या सिलिंडरात तेल येतच राहिलं. म्हातारपण ते, प्लग बदलून जात नाही. बाई दर दोन महिन्यांनी तो प्लग काढायच्या, ब्रशनं घासायच्या आणि परत लावायच्या, आवाराच्या बरोबर मधोमध, रविवारी सकाळी, सगळे गॅलरीत असताना.