बाबांच्या चाली आणि नाहूरचा सर्व्हर

एसटी बोरिवलीची होती आणि बाबा माझ्या खिडकीखाली उभे होते. आई रडत होती. बाबा मात्र माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला निरखून बघत होते. गाडी सुटताना त्यांनी दिलेला आशीर्वाद असा: "मुंबयत कोणावर इश्वास ठेव नको. कोणी चाय दिल्यान तर आदी तेका पिऊक सांग." शेजारच्याने ते ऐकलं आणि बोरिवली येईपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

संशय आमच्या रक्तातच आहे. बाबा भजनीबुवा. तुम्हा गावच्यांना सांगायला नको, पण आमच्याकडे दोन बुवा समोरासमोर बसून बारी करतात आणि ज्याची चाल नवी त्याचं नाव होतं. त्यामुळे बुवा आपली वही कुलपात ठेवतो. सरावाच्या वेळी कोणी परका ओसरीवर टेकला, तर बाबा मुद्दाम चाल वाकडी करून म्हणत आणि तो उठून गेला की पुन्हा सरळ. पखवाजाला माझा चुलतभाऊ गणू. तो एकटाच त्यांच्या विश्वासातला.

मी मरोळच्या एका कारखान्यात लागलो. एका खोलीत चौघं राहायचो आणि माझ्या ट्रंकेला दोन कुलपं असायची. बाकीचे तिघे देवमाणसं निघाले, हे मला खोली सोडताना कळलं. पुढे कॉम्प्युटर दुरुस्ती शिकलो, लग्न झालं, नाहूरला घर झालं. बायको मेघना घाटकोपरची. ती म्हणते, "तू ना यार, स्वतःच्या सावलीकडे पण आधार कार्ड मागशील." मी हसतो, पण दाराला साखळी लावतोच.

बाबांनी सरावाच्या वेळी भरलेल्या बत्तीस कॅसेटी मी गावाहून आणल्या आणि एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. सगळे म्हणाले, नेटवर टाक, फुकट आहे. फुकट म्हटलं की मला आधी वास येतो. नेटवर टाकलेली चाल म्हणजे गावजत्रेत उघडी ठेवलेली वही. म्हणून मी एका जुन्या लॅपटॉपवर गाण्यांचा घरचा सर्व्हर बसवला. गाणी आपल्याच कपाटात राहतात आणि पासवर्ड असलेला माणूस ती कुठूनही मोबाइलवर ऐकू शकतो. खाती दोनच काढली: एक माझं, दुसरं 'घर'. गावी आई-बाबांच्या मोबाइलवर ते गणूने चालू करून दिलं.

दोन वर्षं तो सर्व्हर 'नवी आवृत्ती आली आहे' असं सांगत होता आणि दोन वर्षं मी त्याला दाद देत नव्हतो. चालतंय ते कशाला हलवा? शेवटी मोबाइलवरचं अॅपच जुन्याला जुमानेना, तेव्हा अपग्रेड करायला बसलो. आधी सगळ्याची नक्कल दोन डिस्कवर घेतली. एक कपाटात, एक मेघनाच्या साड्यांखाली. नव्या आवृत्तीने सगळी गाणी पुन्हा तपासली आणि बाबांना 'अनोळखी कलाकार' करून टाकलं. ते निस्तरण्यात एक रविवार गेला.

पण नव्या आवृत्तीत एक सोय होती, जी जुनीत नव्हती. कोणी काय ऐकलं, किती वेळा ऐकलं, कुठे थांबवलं, त्याची नोंद. आठवड्याने ती उघडली आणि माझं डोकं फिरलं. 'घर' या खात्यावरून रोज दुपारी बाबांच्या भजनातला एकच गजर लागत होता. एक ओळ, थांब. पुन्हा तीच ओळ, थांब. चाळीस-चाळीस वेळा. गाणं आवडणारा असं ऐकत नाही. चाल उचलणारा असं ऐकतो. आणि बाबा तर दुपारी बागेत असतात.

मला गणूच दिसला. मोबाइल त्याने लावून दिलेला, आणि हल्ली तो वरच्या वाडीतल्या बुवांनाही साथ करतो असं ऐकलं होतं. मी पासवर्ड बदलला, 'घर'ला बाहेर काढलं आणि त्याला फोन लावला. नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, चाल चोरूक माका मोबाइल कित्याक होयो? मी तेंच्या बाजूकच बसतंय मरे." मला तो उद्धटपणा वाटला. मी फोन आपटला.

चार दिवसांनी आईचा फोन आला. आवाज दबका. "ता गाण्याचा बंद केलंस काय रे? तेनी जेवकच नाय सकाळपासून."

"बाबा ऐकतात?"

"दुपारी मांगरात जावन बसतत. चाली इसारतत आता. गणपतीत दोनदा मधेच थांबले, गणून पखवाजार सावरून घेतल्यान. तुका सांगू नको म्हणान आमका शपथ घातल्यानी."

बागेतल्या त्या झोपडीत एक म्हातारा बुवा स्वतःचीच चाल ओळ-ओळ करून चोरत होता, आणि मी त्याला चोर समजून कुलूप लावलं होतं. मला भयंकर लाज वाटली. गणूला फोन केला. माफी मागायला तोंड उघडलं, तर तो पखवाजाच्या शाईबद्दल बोलत राहिला. मला बोलूच दिलं नाही त्याने.

मग जुना पासवर्ड परत घातला, बाबांना फोन केला आणि सांगितलं, "अपग्रेडमध्ये गडबड झाली होती, आता लागेल."

"माका काय तेचा," बाबा म्हणाले. मग हळूच, "पण कोण ऐकता, ता तुका थंय कळता काय रे?"

"नाय बाबा. तसली सोयच नाय त्यात."

फोन ठेवला आणि ती नोंद ठेवायची सोय बंद करून टाकली. मेघना म्हणाली, "अरे, अख्ख्या अपग्रेडमध्ये तेवढंच तर तुला आवडलं होतं ना?"

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, ते समजतात की घर आपण सोबत आणलंय. मीही समजत होतो. बत्तीस कॅसेटी माझ्याकडे, नकला माझ्याकडे, पासवर्ड माझ्याकडे. आणि बाबा विसरायला लागलेत हे आईला माहीत, गणूला माहीत, बहुतेक अख्ख्या वाडीला माहीत. त्या घरात परका एकच होता, आणि त्याच्यासमोर बाबा अजूनही चाल वाकडी करून म्हणत होते.