उजवी पाकळी

आमचे गणिताचे साहेब आता विद्यापीठाचे प्रमुख होणार, ही बातमी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी सांगितली, तेव्हा उमरठच्या वरच्या आमच्या वाडीत कोणाला काहीच वाटलं नाही. पण बी.ए. झाल्यावरही साहेबांनी मला गणितासाठी थांबायला सांगितलं आहे, दर रविवारी ते स्वतः बंगल्यावर शिकवणार आहेत, हे ऐकल्यावर वडिलांचा घास हातातच राहिला.

मुंबईच्या गिरणीतून आलेले चुलते हसले. "गणित म्हंजे हिशेबच ना रे? तो महाडचा वाणी पण करतो. त्याला कुठं साहेब लागला?"

मी साहेबांचीच हकीकत सांगितली. विलायतेतल्या कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या मजुराचा मुलगा. शिष्यवृत्तीवर शिकले, गणितात रँग्लर झाले, तरुणपणीच मुंबईला आमच्या कॉलेजात आले आणि पुढे प्रिन्सिपॉल झाले. त्यांच्या घरातही त्यांच्याआधी कोणी शिकलेलं नव्हतं.

"आणि त्याचा बाप?" वडिलांनी विचारलं.

"साहेब इकडे असताना वारला. त्यांना जाता आलं नाही."

वडिलांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "देवाला विचारू."

आमच्याकडे कौल गुरव लावतो. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. प्रश्न नेहमी गुरवच घालतो, आणि असा घालतो की उजवी पडली म्हणजे भलं. एकदा मिळालेला कौल वर्षभर पुन्हा मागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या देवळात गुरवाने मला जवळ बोलावलं. "काय इचारू रे? पीक, लगीन, आजार ह्ये मला कळतं. तुझं ह्ये गणित मला नाय सांगता येत. तुझ्या बापालाच बोलू दे."

वडील देवापुढे कधी बोलले नव्हते. ते हात जोडून उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडून मनातलं भयच बाहेर पडलं. "देवा, पोराला तिकडं काय धोका हाय का?"

पाकळी लगेच पडली. उजवी.

"घ्या! उजवा दिला!" चुलते ओरडले. गुरवाने नारळ फोडला. सगळ्यांची तोंडं उजळली. माझंही उजळलं असावं.

उतरणीला लागल्यावर आई मागून हळूच म्हणाली, "अवो, तुमी धोका हाय का, असं इचारलंत ना? मग उजवी म्हंजे…"

"गप गो."

घरी आलो. अंगणात पाय धुताना वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "जायाचं का नाय, ते तुझं तूच ठरव."

मी जायचं ठरवलं. पावसामुळे बोटी बंद व्हायच्या आत निघायला हवं होतं. वडील दासगावच्या बंदरापर्यंत आले. लाँच सुटली तरी ते धक्क्यावरून हलले नाहीत. उजवा हात त्यांनी छातीशी धरून ठेवला होता, जणू तो वर केला तर काहीतरी कबूल केल्यासारखं होईल.

पहिल्या रविवारी बंगल्यावर गेलो. टेबलावर विद्यापीठाच्या कागदांच्या दप्तरांचा ढीग होता आणि दारात भेटायला आलेली माणसं बसून होती. साहेबांनी फळ्यावर एक सिद्धता मांडायला घेतली. ही त्यांनीच पूर्वी आम्हाला न अडखळता शिकवली होती. मध्यावर त्यांचा हात थांबला. बाहेर कोणीतरी खोकलं. साहेबांनी शेवटची ओळ तळहाताने पुसली, पुन्हा तीच लिहिली, पुन्हा पुसली.

"हे मला पूर्वी दिसायचं," ते इंग्रजीत म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. मग खडू माझ्यापुढे धरून हसले. "तू हुशार आहेस. एक दिवस माझ्यासारखा खुर्चीवर बसशील."

ते कौतुकानेच बोलले होते. मला मात्र एकदम पाषाणावरून सुटलेली उजवी पाकळी दिसली.

मी खडू घेतला. उरलेली सिद्धता मी लिहून काढली आणि वळून पाहिलं. साहेब दप्तर उघडून सह्या करत होते.